खडूचा दोरा

पुंता अरेनासमध्ये स्कर्ट शिवायचा
तर आधी वाऱ्याला विचारावं लागतं.
वादळी दिवसांत चौकात दोर बांधतात इथे,
धरून चालायला, म्हाताऱ्यांना आणि तरण्यांनाही.
म्हणून आई, एदेलमिरा, आमच्या घेरात
शिशाचे मणी शिवायची,
खेकड्यांच्या जाळ्याचे, बाबांच्या डब्यातून न विचारता घेतलेले.
बसलं की बाकावर टक् वाजायचे.
मुली म्हणायच्या, आली बघा, नांगर टाकला.

जानेवारी. रात्रीचे दहा वाजलेत
आणि सामुद्रधुनीवर अजून वाचता येईल इतका उजेड.
जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला
हा राखाडी लोकरीचा स्कर्ट, कुणा उंच बाईचा.
खिशात तिचं बसचं तिकीट आहे,
गावाचं नाव धुण्यात गेलेलं.
सोमवारी बंदर कचेरीत माझा पहिला दिवस.
चार बोटं लांबी काढायची आहे, एवढंच.

एवढंच.
पण आपल्याच कपड्याची तुरपाई काय असते
ते एकट्याने राहणाऱ्याला विचारा.
ताठ उभं राहिलं तर हात पोचत नाही,
वाकलं की घेर वर पळतो
आणि टाचणी जिथे लावू तिथे खोटं बोलते.

शेजारचा ओविदियो म्हणाला, मी लावतो,
जन्मभर जहाजांच्या पाणरेषा मोजल्यात.
पण खाली बसलेल्या ओविदियोला
परत उठवणार कोण?
मग त्याने युक्ती सांगितली.
दोन खुर्च्या, मधे ताणलेला दोरा,
जमिनीपासून दोन्हीकडे सारखा,
दोऱ्याला निळा खडू फासायचा
आणि त्याला घासत स्वतःभोवती हळूहळू फिरायचं.
फिरले.
त्याच्याकडे पाठ झाली तेव्हा तो
खिडकीबाहेर बघत राहिला, मला काचेत दिसलं.
झालं, म्हणाला, भरती पूर्ण.
आणि काठी टेकत आपल्या घरी गेला.

स्कर्ट टेबलावर पसरला तर रेघ तिरकी.
उजवीकडे काठापासून चार बोटं,
डावीकडे जेमतेम तीन.
दोरा पुन्हा मोजला. सरळ.
लाकडी जमिनीवर लिंबू ठेवून पाहिलं,
जागचं हललं नाही.
मग उरले मी.

कपाटाच्या तळाशी शाळेचा निळा स्कर्ट होता,
कापड चांगलं म्हणून न टाकलेला.
आईचे टाके बाहेरून कधी कुणाला दिसले नाहीत,
कापडाचा एकच धागा उचलायची ती.
उसवायला तासभर लागला.
मणी गडगडत गेले, एक शेगडीखाली.
दुमड उलगडली. आतला निळा रंग
अजून ऊन न पाहिलेला,
आणि उजवीकडे बोटभर जास्त.
मग पिवळा उसवला, मावशीच्या लग्नातला.
तिथेही तेच.

बेचाळीस वर्षांची आहे मी.
मला वाटायचं, आमचा रस्ताच उताराचा,
म्हणून माझे बूट एका अंगाने झिजतात.

तोंडात टाचण्या धरून ती माझ्याभोवती
गुडघ्यांवर सरकायची,
बोलता यायचं नाही, नुसती हनुवटी उचलायची:
सरळ उभी राहा.
मी राहायचे. खरं तर सरळच असायचे.
बाकीचं ती घेरात निस्तरायची.

रागवावं का तिच्यावर, ते अजून ठरत नाही.
सुईचं नेढं बारीक आहे, दोरा तीनदा चुकला,
चौथ्यांदा थुंकी लावली.
खडूच्या रेघेवरून दुमडते आहे,
इथे चार बोटं, तिथे तीन.
अंगुस्तान तिचं आहे, मला सैल होतं.

सकाळी कुंपणावरून ओविदियो विचारेल,
रेघ सरळ आली ना?
आली, म्हणेन.
आता शेगडीखालचा मणी काढायचा आहे.
वारा वाढलाय, आणि सात असायला हवेत.