नग सत्तावन्न, घोडा नाही

घोडपदेवच्या गाळ्यात, तिसऱ्या अड्ड्यावर
फ्रान्सच्या एका पलटणीची ऑर्डर ताणून बसवलीय.
काळी बनात, खाली चंदेरी कोरा, वर डबका.
मी खाक्याला टोचे मारते:
छत्री, दोन पंख, दोऱ्या बारा.
रॉकेल-पावडरचा बोळा फिरवला
की भोकाभोकांतून
पांढरं आभाळ कापडावर उतरतं.

मुस्तकीम विचारतो, "ताई, रिसाला म्हणता ना?
मग घोडा?"

ऑर्डरसोबत एका निवृत्त सुभेदाराचं पत्र आलंय,
लांबलचक, जावयाला लिहावं तसं.
तीनशे वर्षांपूर्वी हंगेरीतून हरून निघालेले स्वार,
परक्या राजाच्या चाकरीत त्यांनी ही पलटण उभी केली.
कानशिलांवर वेण्या घालायचे,
डाव्या खांद्यावर अर्धं जाकीट लोंबतं ठेवायचे,
तलवारीचा वार आधी लोकरीवर यावा म्हणून.
हे खरं की नुसती ऐट, त्यालाही नक्की ठाऊक नाही.
मग घोडे गेले. लोखंडी गाड्या आल्या.
मग विमानाचं उघडं दार.
आता रात्री उडी मारतात, पाठीवर गाठोडं,
खाली शेत की नदी ते पाय टेकल्यावर कळतं.
तरी म्हणवतात घोडेस्वारच.
घोड्यावरच्या संताचा सण एप्रिलात,
पंखवाल्या देवदूताचा सप्टेंबरात;
दोन्ही पाळतात, उगाच कुणी रागावायला नको.
तळाशी पलटणीचं वचन, लॅटिनमधलं,
आणि त्याने काढलेला अर्थ:
सगळं गेलं तरी नाव सांभाळ.

"म्हणजे आपल्या काळ्या घोड्यासारखं," मुस्तकीम म्हणाला,
"घोडा राणीबागेत, नाव तिथंच."
आणि दाताने दोरा तोडला.

माझे वडील महालक्ष्मीला नाल ठोकायचे.
जळक्या खुराचा वास घेऊन घरी यायचे,
आई म्हणायची, आधी मोरीत जा.
दम्याने हातोडी सुटली, मग तेही सुटले,
बावीस वर्षं झाली.
दारावर पाटी आहे खडपे. ती कुणी वाचत नाही.
पोस्टमनसुद्धा खालून ओरडतो, नालवाले!
आणि मी, जिने आयुष्यात
घोड्याच्या मानेला हात लावलेला नाही,
ओ देते.

पहिल्या नमुन्यात मी छत्रीखाली घोडा काढला होता,
आयाळीला सोनेरी नक्शी, चारही पाय हवेत.
तो परत आला, लाल पेन्सिलीची फुली मारून.
सोबत एकच ओळ:
सुंदर. पण घोडा नको, तो आम्हाला पाठ आहे.

बिल केलं. बिल्ले, नग सत्तावन्न.
अठ्ठावन्नावा स्विचबोर्डाच्या वर लटकवलाय.
खिळा वडिलांच्या पेटीतला, नालेचा, चपटा.
भिंतीत सरळ जाईना.
वाकडाच बसला.