जीव भांड्यात

उंदराच्या महाधमनीची चकती,
तीन मिलिमीटर, तुटलेल्या शेवयीएवढी.
दोन बारीक आकड्यांत अडकवून मी तिला सोडते
सदतीस अंशांच्या खारट पाण्यात.
खालून प्राणवायूचे बुडबुडे.
बाहेर अल ऐनमध्ये सत्तेचाळीस,
गाडीचं स्टीअरिंग फडक्याने धरावं लागतं.
आत धमनीला अजून वाटतंय
आपण उंदरातच आहोत.

तासभर तिला रुळू द्यायचं.
एक ग्रॅमचा ताण, दर पंधरा मिनिटांनी नवं पाणी.
मग आकसवणाऱ्या औषधाचा थेंब,
आणि पडद्यावरची रेघ चढते
अवेळी दार वाजल्यावर खांदे चढतात तशी,
वर जाऊन तिथेच थांबते.

बाबिकर तेव्हा बाटली हलवतो.
आत करकडेचा अर्क, गडद लाल.
त्याच्या अल-उबय्यिदहून आलेलं हे शेवटचं पोतं,
लढाईआधीचं. तो ते मोजून वापरतो.
पहिल्या दिवशी मी त्यातलं एक बोंड चघळलं
आणि ओरडलेच, अरे, ही तर अंबाडी!
लाल अंबाडी, आमच्या नांदेडला बांधावर असते,
कण्यांबरोबर खातो आम्ही.
'अंबादी,' तो म्हणाला.
'ड, ड,' मी म्हणाले. नाही वळला.
फ्रिजमधल्या बाटलीवर आता दोन लिप्या आहेत.

दहा मायक्रोलिटर. काही नाही.
तीस. जराशी हलली.
शंभर. रेघ उतरू लागते
गुडघ्यावर हात ठेवून जिना उतरणाऱ्या आईसारखी,
एक पायरी, थांबून दम, मग पुढची.

दुसरी चकती.
हिचं आतलं अस्तर मीच खरवडलंय,
तारेवर गोल फिरवून, हलक्या हाताने.
तोच थेंब, तीच अंबाडी, तेच पाणी.
रेघ जेमतेम हलली.
पीळ तसाच.
म्हणजे 'सैल हो' असं सांगणारं कुणी
त्या अस्तरात राहत होतं,
एका पेशीएवढ्या जाडीत,
आणि मला ते काढताना काही जाणवलंही नव्हतं.

आईचा फोन. वरचं एकशे ऐंशी.
'तुझ्या अंबाडीने उतरतं ना,
मग गोळी कशाला?'
आई, मी उंदराच्या चकतीला विचारलंय,
तुला नाही. गोळी घे.
'आणि भाजी?'
भाजी खा. डॉक्टरांना विचारून खा. मीठ कमी.
'मीठ कमी म्हणजे अंबाडी कशी लागणार गं,'
ती म्हणते, आणि गोळीचं ती काहीच बोलत नाही.

बाबिकरच्या भावाचा फोन अकरा दिवस लागत नव्हता.
त्याचा हात मात्र पिपेटवर कधी थरथरला नाही.
काल रात्री पावणेदहाला तो फोन वाजला,
टेबलावर, जिथे फोन ठेवायची मनाई आहे.
अरबी मला बाजारापुरती येते.
मला फक्त 'अल्हमदुलिल्लाह' कळलं,
तीनदा,
आणि हातमोजे न काढताच तो स्टुलावर बसला.

माझ्या तोंडून मराठीच निघालं:
जीव भांड्यात पडला.
'काय?'
सांगितलं, शब्दाला शब्द ठेवून.
त्याने समोर पाहिलं.
काचेची आठ भांडी,
आठांत आठ तुकडे, बुडबुड्यांत किंचित हलणारे,
त्यांच्या उंदरांशिवाय जिवंत.
बाही डोळ्यांवर ओढून तो हसू लागला,
हसता हसता ती बाही त्याने खाली घेतलीच नाही.
मी पाणी बदलायला उठले.

वहीत नोंद अशी आहे:
९.४२ ते ९.५८, थेंब टाकलेला नाही.
खाली त्याच्या अक्षरात, बऱ्याच नंतर,
उजवीकडून डावीकडे लिहिलेलं काहीतरी.
मी विचारलं नाही.
पोत्यात अजून चार किलो आहे.