तर्री

नाव सुमेधनं ठेवलं.
तपकिरी-लाल अंग, त्यावर काळी कडी,
आणि उजेड तिरका पडला
की तेलाच्या तवंगासारखे रंग हलतात.
पोह्यावरची तर्री, आई, बघ.
मी नाही बघितलं. तेव्हा मला
स्वयंपाकघरातून बाहेर यायलाच दोन दिवस लागले.

मग त्याला हैदराबादची नोकरी लागली.
जाताना वनखात्याचा कागद फाइलीत लावून गेला,
फ्रीजरमध्ये, आमरसाच्या डब्यामागे,
गोठलेल्या उंदरांची पिशवी,
आणि एक चिठ्ठी:
तापमान सव्वीस. ओल ऐंशी टक्के.
बत्तीसच्या वर गेलं तर धोका.
मानेवाड्यात. मे महिन्यात.

मी एकतीस वर्षं मेडिकलला काढली,
त्यातली एकोणीस अपुऱ्या दिवसांच्या बाळांत.
काचेची पेटी मला नवी नाही.
नऊशे ग्रॅमचा जीव, लाल आकडा,
भोकांतून आत घातलेले हात,
आणि दाराबाहेर कुणाचा तरी बाप
चपला हातात घेऊन उभा.
तेव्हाही आम्ही प्रेमबिम म्हणत नसू.
म्हणायचो, आकडा बघ गं.

तर वही केली.
रविवारी वजन, रव्याच्या काट्यावर
(रवा आता अंदाजानं).
दर दहा-बारा दिवसांनी उंदीर, कोमट पाण्यात सैल करून, चिमट्यानं.
ती घेते तेव्हा मी कॅलेंडरकडे बघते.

भोयरबाई दारातूनच:
दुतोंड्या हाये काय वो ताई? लाखात जाते म्हनते.
म्हटलं, हिला एकच तोंड आहे,
आणि तेही आपल्यापेक्षा कमी उघडतं.
लांबच्या देशातली आहे, म्हटलं,
तिथं पानं कुजून कुजून जमीन होते
आणि त्या ओलीत ही राहते.
मंग इथं कायले आनली?
ह्याचं उत्तर चिठ्ठीत नव्हतं.

नवतप्याचा चौथा दिवस. सव्वादोनला लाईट गेली.
कूलर दोन गिरक्या घेऊन थांबला.
वाळ्याचा वास खोलीत उभा राहिला,
मग तोही वाळू लागला.
एकोणतीस.
पोतं भिजवून पेटीवर टाकलं.
तीस.
टाकीचं पाणी नळाला हात लावू देईना.
साडेतीसला मी तिला उशीच्या अभ्र्यात घातलं
आणि बाथरूमच्या फरशीवर, बादलीला टेकून, बसले.
मांडीवर पावणेदोन किलो.
थंड नाही, गरम नाही,
नुसतं वजन, जागा बदलणारं.
माठात दोन तांबे उरले होते.
एक अभ्र्यावर शिंपडला.
दुसऱ्याकडे थोडा वेळ बघितलं.
मग तोही.

सुमेधचा फोन. कशी आहे?
श्वास चालू आहे, म्हटलं.
आणि तू?
विचारलं त्यानं. जरा उशिरा, पण विचारलं.

साडेपाचला लाईट आली तेव्हा
माझे पाय झोपले होते
आणि ती जागी होती, किंवा नव्हती.
पापणी नसलेल्यांचं कळत नाही.
शिवाय आठवडाभर डोळे निळे, दुधासारखे,
कात यायची म्हणून.

रात्री नारळाच्या भुशात खसखस चालली होती.
मी उठून लाईट लावली नाही.
वॉर्डात शिकले होते ते,
काही गोष्टी बघितल्यानं थांबतात.

सकाळी कात, अख्खी,
मोजा उलटा काढावा तशी,
नाकापासून शेपटीपर्यंत एकच.
आणि बाजूला ती, इतकी रंगीत
की मी खिडकीचा पडदा सरकवला
आणि पुन्हा लावला आणि पुन्हा सरकवला.

उजव्या डोळ्यावरची खपली मात्र राहिली होती.
उकळून गार केलेलं पाणी, कापसाचा बोळा,
आतल्या कोपऱ्याकडून बाहेर,
हात आपोआप तसाच गेला.
तिनं जीभ काढली, माझ्या मनगटाला लावली,
बरोबर नाडीवर,
एकदा, दोनदा,
आणि तोंड फिरवलं.

वही. २९ मे.
तापमान सव्वीस. ओल अठ्ठ्याहत्तर.
कात पूर्ण. उजवा डोळा बाकी.
उद्या परत बघणे.
माठ भरणे.