आखूड दात

"दात आखूड होतायत माझे,"
मिंदिया खुर्चीत टेकता टेकताच म्हणाला.
बावीस वर्षांत ही तक्रार पहिलीच.
दात किडतात, हलतात, पडतात,
झोपेत खाऊन झिजतातही;
पण महिन्याभरात आखूड?

मी दिवा खाली ओढला.
दात होते तेवढेच होते.
हिरड्या चढल्या होत्या.
अलाझानीला पाणी वाढलं की
काठचे पांढरे गोटे माथ्यापुरते उरतात,
तसे दात.
जांभळट, तट्ट फुगलेल्या हिरड्या.
कापूस नुसता टेकवला
तर लाल झाला.

"फिट्सच्या गोळ्या चालू आहेत?"
नाही. एकतीस वय. हसला,
हसताना तोंडावर हात.
औषधाच्या दुकानातून गुळण्यांची बाटली आणली होती,
आईनं, नातेलानं, ओकच्या सालीचा काढा दिला होता.
दोऱ्यात ओवलेली अक्रोडाची चुर्चखेला चावली
तेव्हा दोरा लाल झाला,
त्याला वाटलं, द्राक्षाचा रस.

बरोबरच आहे.
ऑक्टोबरात तेलावीत कुणाचे पाय जांभळे नसतात?
लाकडी कुंडात पंधरा दिवस सापेरावी तुडवायची
म्हणजे गुडघ्यापर्यंत रंग आलाच.
दंडावर काळंनिळं: पेटी लागली असेल.
पाठीवर गाठ, न दुखणारी, आलुबुखाराच्या रंगाची:
गांधीलमाशी.
रात्री उशी भिजते: दमलोय.
एकेकटं घेतलं तर
प्रत्येक कारण पटण्यासारखं.
महिनाभर त्यानं अंगावर काढलं.
अंगानं मग ते
अंगावरच काढून दाखवलं.

म्हटलं, पँट वर कर.
"दातांसाठी?"
नडग्या साबणानं घासून आला होता. रस गेला होता.
टिपके राहिले होते,
टाचणीच्या टोकाएवढे,
मोज्याच्या रबरापाशी दाट.
चूळ भरायचा काचेचा पेला घेतला,
त्याचं बूड नडगीवर दाबलं.
साधं पुरळ काचेखाली फिकं पडतं.
हे पडले नाहीत.
काचेतून थोडे मोठे होऊन
माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या हातात स्केलर होता.
खरवडावं, स्वच्छ करावं,
हाताला तेवढंच माहीत.
चार वर्षांपूर्वी एका मुलीच्या हिरड्या
मी अशाच खरवडल्या.
एकेते. शाळेत भूगोल शिकवायची.
रक्त रात्रभर थांबलं नाही.
मला कुणी काही बोललं नाही.
तिचे वडील अजून ईस्टरला अंडी पाठवतात,
लाल रंगवलेली.
मी ती सोलत नाही.

स्केलर ट्रेमध्ये ठेवला.
चिठ्ठीवर रक्ततपासणी लिहिली,
"आजच"च्या खाली दोन रेघा.
"आणि दात?"
"दातांचं नंतर."

साडेचारला लॅबमधून उशांगीचा फोन,
कागद यायच्या आधी.
पांढऱ्या पेशींचा आकडा त्यानं दोनदा सांगितला.
प्लेटलेट सांगताना घसा खाकरला.

मिंदिया बाहेर पायरीवर,
नखांत अजून द्राक्षाच्या साली.
तिबिलिसीला जायचं, म्हटलं, आज रात्रीच.
मला शब्द माहीत होता.
मी म्हटलं, "रक्ताचं काहीतरी आहे."
त्यानं डोंगराकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे.
"रांजण उघडा आहे," म्हणाला,
"रस आंबतोय. दिवसातून चारदा ढवळावा लागतो,
नाहीतर साली वर येऊन बसतात.
कोण ढवळणार?"

मी ढवळीन, म्हटलं.
मला येत नव्हतं.

त्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर
नातेलानं मला काठी कशी धरायची ते दाखवलं.
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण,
आत अंधार, आणि फुसफुस.
एकीकडे साली खाली रेटल्या
की दुसरीकडून वर.
"जोर नको," ती म्हणाली, "नुसतं थांबू नकोस."
मग विचारलं,
"त्याच्या तोंडाला एवढं काय झालंय, डॉक्टर?"