वरचा डबा, खालचा डबा

एकवीस वर्षं मी वाल्पाराइसोच्या लोकांना
डोंगरावर चढवतो आहे, बसल्या जागेवरून.
एक डबा वर जातो, एक खाली येतो,
मध्ये माझ्या अंगठ्याएवढी तार,
आणि वरच्या टोकाला स्टुलावर मी,
एक हात ब्रेकवर, दुसरा पावाच्या पिशवीत.

दवाखान्यातली मिरेया म्हणाली, "नोल्बेर्तो, एकशे चार."
मी म्हटलं, बुटांसकट ना?
तिनं बूट काढायला लावले.
एकशे चारच.
"बूट हलके आहेत तुमचे," ती म्हणाली.

मग मी पायऱ्या धरल्या.
रुळांच्या कडेनंच जातात त्या, एकशे बासष्ट,
निळी, पिवळी, निळी, पुढे रंग संपलेला.
पहिल्या दिवशी चाळिसाव्या पायरीवर
माझा श्वास मला सोडून पुढे निघून गेला,
आणि ओतिलियाबाई, वय वर्षं एक्याऐंशी,
बटाट्यांची पिशवी घेऊन मला ओलांडून गेल्या,
वर "गाडी बंद आहे का आज?" असं विचारून.

महिनाभर चढलो. रोज.
आणि रोज वर पोचावं तर रेनातोच्या भट्टीतून
पाव नुकताच निघालेला,
चार कप्प्यांचा, कडेला कुरकुरीत, आत वाफ.
घाम गाळला की माणसाला हक्क वाटतो.
एक पाव हक्काचा, एक कौतुकाचा,
तिसरा, दुसऱ्याला सोबत म्हणून.
महिनाअखेर काटा: एकशे पाच.

मग रागानं तोंड शिवलं.
सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी,
आणि संध्याकाळी, अख्खा डोंगर जेव्हा चहाला
पाव, लोणी, अवोकाडो घेऊन बसतो,
तेव्हा मी खिडकीत, बंदरातल्या क्रेन मोजत.
बायकोशी भांडलो. मांजराशीही.
पायऱ्या कधीच सुटल्या होत्या, पायात जीव कुठला?
अकराव्या दिवशी ब्रेकवरचा हात थरथरला,
डबा फलाटाच्या वीतभर खाली थांबला.
आतल्या शाळकरी पोरी किंचाळून हसल्या.
मी नाही हसलो.

त्या रात्री ऑर्तेन्सियानं काही न बोलता
घेवडा, मका, लाल भोपळा रटरट शिजवला,
आणि नेहमीच्या खोल थाळीऐवजी
तिच्या आईच्या लहान वाडग्यात वाढला.
"खा. सावकाश खा. आणि उद्या पायऱ्या चढ."

दुसऱ्या दिवशी चाकाला वंगण घालताना
एकवीस वर्षं हाताखालून गेलेली गोष्ट
पहिल्यांदा नजरेखालून गेली:
एकटी मोटार कुणाला डोंगर चढवत नाही.
उतरणारा डबा चढणाऱ्याला ओढून घेतो.
एक सोडवून ठेवा, मोटार जळते.
मी आधी हा डबा जोडला, मग तो,
दोन्ही एका तारेला लावलेच नव्हते.

मिरेयाला सांगितलं तर ती म्हणाली,
"छान. आता बूट काढा."

आठ महिने झाले.
अर्धा पाव मी खातो, अर्धा ऑर्तेन्सिया,
बरोबर अंडं, टोमॅटो, कधी मासा.
पायऱ्या आठवड्यातून पाच दिवस,
पाऊस असला तर चार, कंटाळा असला तरी चार.
सप्टेंबरच्या सणात दोन किलो परत आले
पाहुण्यांसारखे, आणि पाहुण्यांसारखेच
निघतो निघतो म्हणत महिनाभर राहिले.
पट्ट्याला खिळ्यानं एक भोक पाडलं आहे,
जरा वाकडं.

ओतिलियाबाई अजून मला ओलांडतात,
पण आता शंभराव्या पायरीच्या पुढे कुठेतरी.
काल तिथं थांबल्या, पिशवी माझ्या हातात दिली.
"फार नाहीत," म्हणाल्या, "सातच किलो."

एकशे चारातून सत्त्याण्णव गेले.
मी पिशवी उचलून धरली,
बटाटे, वर चिकटलेली ओली माती.
बोटांत बंद रुतले.
एवढं सगळं
मी कुठे ठेवून फिरत होतो?