मागची कड

माधवनगरच्या रद्दीवाल्यानं वजनावर दिलेला फोटो,
पोस्टकार्डाएवढा. मागे शाईत "कवलापूर माळ",
पुढची तारीख कसरीनं खाल्लेली.

दोन पंख, एकावर एक. मध्ये तिरके दांडे, ताणलेल्या तारा.
सगळे म्हणतात, टायगर मॉथ.
कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा,
तसं कुठलंही दुपंखी विमान म्हणजे टायगर मॉथ.
पण नाक बघा ना. पाच सिलिंडर उघडी,
पंजा पसरल्यासारखी.
टायगर मॉथला असलं तोंड नसतं.

पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं मी नकाशे काढले.
रेघ कुठं थांबते आणि का, एवढंच मला कळतं.
चाकाचे आरे मोजले,
शेपटीची गोलाई ट्रेसिंग पेपरवर उतरवली,
सावलीवरून पंखाची लांबी काढली.
ऊन सकाळचं, नवाच्या आसपासचं.
धडावर नंबर आहे. व्ही, टी, आडवी रेघ,
आणि मग एक फेटा.
फेट्याखाली माणूस, मान खाली घातलेला,
नेमका उरलेल्या तीन अक्षरांच्या पुढ्यात.
तीन वर्षं भिंग धरून मी त्याला म्हणत होतो,
अरे बाबा, सरक की जरा.

खरा धागा वेगळाच होता.
खालच्या पंखाच्या मागच्या कडेला
एक अर्धगोल खाच. कुठल्याच आराखड्यात नाही.
नाशिकच्या देवस्थळींना पत्र टाकलं.
उत्तर आलं चार पानी:
अशी कड मोजक्याच विमानांना दिली असावी,
जगात दहा-बारा.
त्या रात्री झोप आली नाही.
बायको म्हणाली, पित्त असेल.

मग बुधगावात अक्काताई मगदूम सापडल्या.
चाकापाशी परकरातली पोरगी आहे ना, ती मीच, म्हणाल्या,
आणि खाचेवर बोट ठेवून हसायला लागल्या.

"ते व्हय? ते आमच्या चंद्रीनं खाल्लं.
इमानवाला किस्नेला वारणा समजून चुकला,
शाळू निघाल्याला माळ बघून उतारला.
रातच्या राखणीला माझ्या चुलत्याला बसीवलं,
चार आणे दिऊन. त्यो झोपला.
म्हस दावं तोडून गेली.
कापडाला कसली तर खळ आसती,
ग्वाड लागली आसंल."

आणि हा फेटेवाला?

"त्योच की चुलता. दादू.
सकाळी सांगलीचा फोटोवाला आला,
तर भोक दिसू नये म्हणून म्होरं हुबा ऱ्हायला."

भोक तर स्वच्छ दिसतंय.
दादूनं झाकलं ते दुसरंच.

वहीतले दहा-बारा मी तिथंच बसून खोडले.
चहा आला, त्यात साय.
उठताना विचारलं, म्हशीला काही झालं का हो?

"दोन दिस पान्हा चोरला तिनं.
तिसऱ्या दिशी दिलं दूध. पर वास यायचा."

कसला?

बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिल्या,
म्हशीकडं बघावं तशा,
जी फोटोत नाही.

"केळाचा," म्हणाल्या. "पिकल्या केळाचा."

पंखाच्या रोगणाला तसाच वास असतो,
असं देवस्थळींनी चौथ्या पानावर लिहिलं होतं.
मी ती ओळ
अधोरेखित केली नव्हती.