घाई

आटपाडीच्या माळावर
गजीचं रिंगण उभं राहिलं,
एक जागा सोडून.
धुळाआबांची.
माघात गेले.

त्यांचा नातू म्हाकू
कोइमतूरच्या गलाई दुकानातून
चार दिवसांची सुट्टी काढून आलेला.
बोटांवर ॲसिडचे डाग,
बोलण्यात अर्धी तमिळ.
कडेला उभा, चपला घालूनच.

ढोलक्यानं घाई बदलली.

घाई म्हणजे ठेका रं, गडबड नव्हं,
आबा सांगायचे
आणि काठीचं टोक
पोटरीला हळूच लावायचे.

पोटरी हलली.

चपला तिथंच राहिल्या.
रुमाल कुणी हातात दिला, कळलं नाही.
धूळ गुडघ्यापर्यंत आली.

तिसऱ्या गिरकीला
म्हाकूचा डावा पाय चुकला,
आबांचा चुकायचा
तिथंच.